आमच्या प्रोसेसरचा ताप

घरी जुळवलेला कॉम्प्युटर असला की किस्से आपोआप साठतात. कॅबिनेटमधली धूळ महिन्यातून एकदा झटकता तरी येते, किस्से मात्र वाढतच जातात! आमच्याकडे चहाला आलेला माणूस त्यातला एखादा ऐकल्याशिवाय सुटत नाही.

आधी मंडळी सांगतो. पवईच्या एका ऑफिसात आम्ही तिघं शेजारी बसायचो. मुलुंडची प्राजक्ता, बोरिवलीचा संदेश आणि गोरेगावचा मी. एक दिवस आमचं डिपार्टमेंटच बंद झालं. त्या दोघांना दुसरीकडे नोकरी लागली, मला नाही. मग मी घरून चित्रं करायला घेतली. इमारत उभी राहायच्या आधी तिचा हॉल, किचन, बाल्कनी बिल्डर गिऱ्हाइकांना दाखवतो ना, ती चित्रं. त्याला तगडा कॉम्प्युटर लागतो. तो तापला की काम ठप्प, आणि काम ठप्प म्हणजे माझं आणि आईचं घर ठप्प. या दोघांनी आपले रविवार माझ्या हॉलमध्ये फतकल मारून घालवले, म्हणून ते घर चाललंय. हे मी कुणालाही सांगतो, अगदी न विचारता!

*

पहिला रविवार. सगळं जोडून झालं. प्रोसेसरच्या डोक्यावर कूलर बसवायचा असतो, म्हणजे धातूचा एक ठोकळा आणि त्याला पंखा. तो मान संदेशने घेतला.

बटण दाबलं. स्क्रीनवर तापमानाचा आकडा चढायला लागला. साठ, ऐंशी, पंच्याण्णव! आणि फट्कन सगळं बंद.

"वाट लागली!" मी डोक्याला हात लावला.

प्राजक्ताने कूलर काढून उलटा केला. त्याच्या बुडाला कंपनीचं पारदर्शक प्लास्टिक तसंच चिकटलेलं!

"संदेश, हे काढायचं असतं रे!"

"नव्या वस्तूचं प्लास्टिक कोण काढतं गं? आमच्या सोफ्याचं अजून आहे!"

प्राजक्ता दाद मागायला माझ्याकडे वळली. मी टीव्हीचा प्लास्टिकातला रिमोट हळूच उशीखाली सरकवला.

*

मग पेस्ट लावायची होती. प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत पोचावी म्हणून मधे ती लागते. "वाटाण्याएवढी बस," असं प्राजक्ता दोनदा म्हणाली. ती हात धुऊन येईपर्यंत संदेशने अख्खी ट्यूब पिळली होती. कूलर दाबला तशी चारी बाजूंनी पेस्ट बाहेर!

"अरे, हे काय केलंस?"

"पानात तूप वाढताना आम्ही मोजत बसत नाही!"

तिने माझा जुना बनियन घेऊन सगळं पुसून काढलं. पुसताना एवढंच म्हणाली, "तुझ्याकडे एकदा जेवायला यायला पाहिजे."

*

प्राजक्ताचा नियम असा की रोज संध्याकाळी मी आकडा व्हॉट्सॲपवर टाकायचा. एका आठवड्यात आकडा एकदम वाढला आणि उतरेचना. फोनवरून तिने सगळं विचारलं. पंखा फिरतोय? फिरतोय. धूळ? नाही. खिडकी? उघडी. शेवटी म्हणाली, "फोटो पाठव."

फोटो पाहिल्यावर तिचा लगेच फोन. "त्याच्या अंगावर काय आहे?"

आईने कॅबिनेटसाठी लोकरीचं कव्हर विणलं होतं. आमच्याकडे मिक्सर, टीव्ही, फ्रीजचं हँडल, सगळ्यांना कव्हर आहे. हा एकटाच उघडा का, म्हणून त्यालाही!

"आई, त्याला हवा लागते गं!"

"म्हणून तर जाळीचं विणलंय!" आई म्हणाली.

*

एकदा कॅबिनेटचे दोन्ही पंखे हवा आतच ओढतायत, बाहेर कुणीच टाकत नाही की काय, असा संशय आला. संदेशने उदबत्ती पेटवली, कारण धूर कुठे जातो त्यावरून हवेची दिशा कळते. तो कॅबिनेटभोवती उदबत्ती फिरवत होता, मी शेजारी उभा. नेमके तेव्हाच शेजारचे काका दारात आले. चप्पल काढून हात जोडले आणि थांबले. आता त्यांना काय सांगणार!

"काका, पूजा नाही. मागचा पंखा उलटा बसलाय का, ते बघतोय," मी म्हटलं.

काकांनी मान डोलावली. "असं. मग लिंबू-मिरचीसुद्धा बांधा."

*

आणि हा शेवटचा. मला पहिलंच मोठं काम मिळालं होतं, एका बिल्डरची अख्खी इमारत. सोमवारी सकाळी चित्रं दिली तर पुढची दोन कामंही माझीच. रविवारी दुपारी कूलरचा पंखा जागच्या जागी अडकला. आकडा वर, कॉम्प्युटर बंद. आमच्या बाजूची दुकानंही बंद! मी ग्रुपवर लिहिलं, "पंखा गेला. काम गेलं." आई न जेवता माझ्या शेजारी बसून होती.

तासाभरात संदेश घामाघूम होऊन दारात. हातात कापडी पिशवी, पिशवीत कूलर. माझ्या कूलरपेक्षा मोठा आणि झकास!

"अरे, कुठून आणलास?"

"घरी पडून होता." त्याने प्राजक्ताला व्हिडिओ कॉल लावला. ती मुलुंडहून एकेक स्क्रू सांगत गेली, त्याने बसवला. पेस्ट वाटाण्याएवढीच! संध्याकाळपर्यंत चित्रं तयार. सोमवारी काम पास झालं, आणि पुढची दोन्हीही मिळाली.

पुढच्या रविवारी मी पेढे घेऊन बोरिवलीला गेलो. संदेशच्या टेबलावर त्याचा कॉम्प्युटर होता, एका बाजूचं झाकण काढलेलं. आत प्रोसेसर उघडा, वर कूलर नाही. पलीकडे त्याची मुलगी वहीत हाताने चित्र काढत बसली होती.

मी पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला. "संद्या, तुझा कूलर कुठे रे?"

लाजला की संदेश मालवणीत शिरतो. त्याने पेढा तोंडात टाकला आणि खिडकीकडे बघत म्हणाला, "तो मनोरीच्या दर्यार गेलो हा. हवापालट करूक!"