खाडीपुलाचं गाऱ्हाणं

नवऱ्याच्या कामामागे फरफटत जायचं आणि त्याला सहल म्हणायचं, ही माझी जुनी खोड. या खेपेला त्याला मालवणजवळचा एक जुना खाडीपूल तपासायचा होता. पुण्याहून पहाटे निघालो. करूळ घाट सुरू आहे ना, हे निघण्याआधी विचारून घ्या. वैभववाडीत चहा-भजी, कट्टा गावात साडेतीनशेची बांगडा थाळी, आणि दुपारी मुक्कामी.

उतरलो तात्यांकडे, दोन खोल्या ते पाहुण्यांना देतात. त्यांची सून शालन रोज याच पुलावरून टमटमने मासळी कट्ट्याच्या बाजाराला नेते. पूल बंद झाला तर तासाभराचा वळसा, तोवर बाजार उठलेला. घरात सगळे आमच्याशी जरा जपूनच बोलत होते.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने तुळयांच्या पोटाला बोटभर पट्ट्या चिकटवल्या. वजन आलं की तुळई किती ताणली जाते ते त्या सांगतात. वजन उतरलं की लॅपटॉपवरची रेघ जागेवर परत यायला हवी. नाही आली, तर आत दुखणं आहे. वजनासाठी जांभ्या चिऱ्यांचा ट्रक. वजनकाटा लांब, म्हणून चिरे मोजून भरायचं काम नवऱ्याने गावावर सोपवलं. ही त्याची चूक मी अजून ऐकवते. आधी तात्यांनी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं, सगळे 'होय म्हाराजा' म्हणाले. ट्रक पुलावरून गेला, रेघ हलली आणि परत आली. शालन पहिल्यांदा हसली.

तात्या मात्र नारळापासून हलेनात. मग नवऱ्यापाशी येऊन हळूच म्हणाले, "ट्रक मधी पोकळ आसा. चिरे मीच तसे रचले. पण खरा काय ता दाखय, असा मीच देवाक सांगलंय. आता गप कसो रवू?"

ट्रक पुन्हा भरला, थर न् थर बघून. या खेपेला तो उतरला तरी रेघ परत आली नाही. संध्याकाळी पूल बंद करायला दोन्ही तोंडांना पिंपं लागली. मला फार वाईट वाटलं.

परतताना कुणकेश्वरला थांबलो. किनारा सुंदर आहे, जरूर जा. माझं मात्र तिथे लक्ष लागलं नाही.

घरी आल्यावर आठवड्याने शालनला फोन केला. विक्री निम्म्यावर आलीय म्हणाली. तात्यांवर रागावलीस का, मी विचारलं.

"रागावलंय तर," ती म्हणाली, "पण जेवाण पयला त्यांकाच वाढतंय."