आधी अर्थिंग, मग गाडी

किस्से आम्ही जमवत नाही, ते आपोआप साचतात. दोन महिने कुणाला सांगितले नाहीत की एकात एक मिसळायला लागतात, म्हणून अधूनमधून सांगून मोकळं व्हावं लागतं.

खामगावच्या एका शोरूममध्ये मी काम करतो. इलेक्ट्रिक गाड्यांचं शोरूम. गाडी विकणं माझ्याकडे नाही. गाडी पोचण्याआधी गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन वायरिंग बघायचं आणि चार्जर बसवायचा, हे माझं खातं. सोबत संजू वायरमन. आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "अर्थिंग आहे का?" चुकार करंट माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जावा म्हणून खड्डा करून पुरलेली तार, ती अर्थिंग. एवढं साधं. पण या प्रश्नाला "नाही" असं उत्तर मला आजवर एकाही घरातून मिळालेलं नाही!

*

पिंपळगाव राजाला गेलो होतो. घरमालक भाजीपाल्याचे मोठे बागायतदार, घर नवंकोरं.

"अर्थिंग? हाये न! या, दाखवतो," म्हणाले आणि जिन्यानं वर घेऊन निघाले. मी म्हटलं खड्डा खाली असतो, हे वर कुठे चालले? गच्चीवर पोचलो. पाइपाला बांधलेली हिरवी तार व्यवस्थित कोपऱ्यापर्यंत आलेली, आणि तिथं जास्वंदाच्या कुंडीत खोचलेली!

"भाऊ, ही तार मातीत पाहिजे," संजू म्हणाला.

"मंग हे काय हाय? वावरातली काळी माती हाय, मी सोता आनली!"

*

दुसरबीडच्या एका दुकानदाराचा फोन आला. आवाज चढलेला. "तुमचं मशीन एकदम बोगस हाय. पावसाचा शिंतोडा आला का बंद पडते."

जाऊन पाहिलं. चार्जरच्या लाइनला आम्ही एक स्विच लावतो. करंट कुठे गळायला लागला की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन तोडतो. इथं उघड्यावरच्या बोर्डात पाणी शिरत होतं आणि स्विच आपलं काम इमानानं करत होता. मी हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "ते जाऊ द्या साहेब. आमचा कूलर पाहा. किती वर्सापासून झटके देऊन राह्यला, पण लाइन एकदा तरी गेली का?"

*

याच दुकानदारांना मी सांगितलं की बोर्डाचं सॉकेट बदला, चांगलं जाड, मार्कवालं आणा. गाडी पाच-सहा तास सलग करंट ओढते, हलकं सॉकेट वितळतं. ते म्हणाले चला सोबत, तुम्हीच निवडा. गेलो. ज्या गावी गेलो त्याचं नाव सांगत नाही. तिथल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात पोतंभर सॉकेटं होती, एकावरही मार्क नाही.

"मार्कवालं नाही का?" मी विचारलं.

"मार्क पाहिजे का? पयले नाही सांगतलं!" असं म्हणत त्या भल्या माणसानं गल्ल्याखालचा खण ओढून स्टिकरची पट्टी काढली. "कोनत्या साइजचा लावू?"

*

अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालतात, ओल टिकते म्हणून. मेहकरकडे एका घरी आम्ही हे सामान घेऊन पोचलो तेव्हा मालक घरी नव्हते. त्यांच्या आई दारात बसलेल्या. आम्ही खड्डा खणला, पोतं उघडलं. म्हातारी काठी टेकत जवळ आली. मीठ पाहिलं, कोळसा पाहिला, आमच्या तोंडांकडे पाहिलं. नेमकी अमावस्या होती, हे आम्हाला नंतर कळलं. मला वाटलं, आता काठी बसते.

पण म्हातारी वळून घरात गेली आणि पदराआडून काहीतरी घेऊन आली.

"लिंबू इसरले वाटते तुमी," ती म्हणाली. "हे घ्या. शेजारच्या घराकडं तोंड करून टाका."

*

आता लोणारच्या सरांचं सांगतो. सर हायस्कूलला गणित शिकवतात. अंगणात त्यांनी नुकतेच लाल-पिवळे सिमेंटचे ब्लॉक बसवलेले, त्यामुळे खड्डा करू देईनात. अर्थिंग नसलं की आमच्या चार्जरचा लाल दिवा लागतो आणि गाडी चार्ज होत नाही. "खड्डा झाला की बोलवा, मग लाइन तोडणारा स्विचही लावू," सांगून आम्ही परतलो.

थोड्या दिवसांनी त्यांचाच फोन. "लाल दिवा गेला. गाडी मस्त चार्ज होऊन राह्यली. आता येऊ नका."

खड्ड्याशिवाय दिवा गेला कसा? आम्ही दुसऱ्याच दिवशी सकाळी पोचलो. गाडी चार्जिंगला लागलेली, सरांच्या पत्नी, म्हणजे काकू, अनवाणी उभ्या राहून नळीनं गाडी धूत होत्या. रोजचंच काम होतं ते. संजूनं चार्जिंग बंद करून सॉकेट उघडलं. कुणीतरी न्यूट्रलची, म्हणजे करंट परत नेणारी तारच अर्थिंगच्या पिनेला जोडून दिली होती. चार्जरला वाटत होतं अर्थिंग आहे!

"काकू, गाडी धुताना हाताला काही होतं?" मी विचारलं.

"झिणझिण्या येतात न. डॉक्टरले दाखवलं, बी-ट्वेल्वचे इंजेक्शन चालू हायेत."

"तिले शिरेचाच तरास हाय," सर म्हणाले.

चार्जिंग पुन्हा सुरू करून मी गाडीला मीटर लावला आणि आकडा दोघांना दाखवला. मला सहसा राग येत नाही, त्या दिवशी आला. म्हटलं, "सर, आज झिणझिण्या येतात. ज्या दिवशी खांबावरचा न्यूट्रल तुटेल, त्या दिवशी सगळा करंट गाडीच्या पत्र्यावर येईल. आणि काकू तिथंच पडतील." एवढं बोलून मी प्लग उपसून काढला.

सरांनी अंगणाकडे पाहिलं. "पोरीचं लग्न दिवाळीनंतर हाय. पाव्हणे येऊन जाऊ द्या, मंग फोडू ब्लॉक. तोवर चालू ठेवा. एवढ्याशा करंटनं कोनाले काही होत नसते." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं प्लग परत लावला.

मी बोर्डाच्या बटणाजवळ सरकलो आणि वेळ आली तर बंद करायला त्यावर बोट ठेवून उभा राहिलो.

काकू सगळं ऐकत होत्या. त्या सावकाश आल्या आणि पाण्याची नळी सरांच्या हातात दिली.

"घ्या. आज तुमी धुवा."

सरांनी नळी धरली.

"चपला काढून," काकू म्हणाल्या.

सरांनी गाडीकडे पाहिलं, ओल्या अंगणाकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे. नळीतून पाणी वाहत होतं.

"संजू," सर म्हणाले, "सब्बल हाय का रे तुह्यापाशी? ब्लॉक फोडाले?"