लाखोटेकाकांचा प्रश्न

गल्लीत त्यांना लाखोटेकाका म्हणत. हे काही त्यांचं आडनाव नव्हे. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात प्रश्नपत्रिकांची पाकिटं बांधण्यात त्यांची सारी नोकरी गेली. जाड कागदाचं पाकीट, त्याला सुतळी, सुतळीच्या गाठीवर वितळलेली लाख आणि लाखेवर पितळी शिक्का. आत काय आहे ते बायकोलासुद्धा सांगायचं नाही. परीक्षांच्या दिवसांत काका घरीही मुक्याने जेवत. मीठ कमी पडलं तरी मागत नसत. न जाणो, बोलता बोलता तोंडातून भलतंच काही निघून जायचं. पुढे निवृत्त झाले, शिक्का कचेरीत जमा झाला, पण तोंडावरची लाख काही निघाली नाही.

काकूंचं तसं नव्हतं. त्या दोघांच्या वाटणीचं बोलत. "आमच्याकडे एकजण बोलतो आणि एकजण ऐकतो," त्या शेजारणीला सांगत. "कोण काय करतं ते तुम्हाला रस्त्यावरूनही कळेल."

मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेला आणि वरची खोली रिकामी झाली. तिथे विद्यापीठाने पाठवलेली पाहुणी राहायला आली. दूरदेशची मुलगी, पीएच.डी.साठी आलेली. इथली भाषा ती तिकडूनच शिकून आली होती. तिचा विषय होता जुन्या भिंतींवरचं शेवाळ.

"शेवाळ?" काकूंनी कपाळाला हात लावला. "अगं, त्यासाठी समुद्र ओलांडून आलीस? चल आमच्या न्हाणीघरामागे, दोन डिग्र्या निघतील!"

पाहुणी खरंच गेली. भिंग काढून, भिंतीला नाक लावून बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, ही भिंत आता घासू नका हं." वर्षानुवर्षं त्या भिंतीशी झटणारा काकूंचा खराटा त्या दिवसापासून कोपऱ्यात गेला.

पहिले काही महिने ती वनस्पतिशास्त्र विभागात चर्चेचा विषय झाली होती. मार्गदर्शक सरांना तिने पहिल्याच दिवशी सरळ नावाने हाक मारली. पुढे-मागे 'सर' नाही, काही नाही. ते शिकवत असताना मध्येच हात वर करून म्हणाली, "मला हे पटत नाही." बाकीची मुलं जमिनीकडे बघू लागली. सर भला माणूस. ते नुसते पाणी प्यायले.

संध्याकाळी तिने विचारलं, "काका, माझं चुकलं का?"

काकांनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे काकूंनाही आजवर उमगलं नव्हतं.

एकदा जिन्याच्या पायरीवर चहा पिताना तिने काकांना त्यांच्या नोकरीबद्दल विचारलं. आता गुपित असं काही उरलं नव्हतं, म्हणून काका कधी नव्हे ते बोलले. विद्यापीठ एक, पण त्याच्या हाताखाली गावोगावची कॉलेजं. सगळीकडे एकाच दिवशी, एकाच वेळी तोच पेपर, आधी कुठेही न फुटता, उघडायचा. पेपर काढणारा एक, तपासणारा दुसरा. उत्तरपत्रिकेवर नाव नाही, नुसता क्रमांक. तपासणाऱ्याला मुलगा ठाऊक नाही, मुलाला तपासणारा ठाऊक नाही.

"म्हणजे जे शिकवतात ते पेपर काढत नाहीत?"

"छे!"

"आणि तपासतही नाहीत?"

"कसं तपासतील? आपल्या पोरांना मार्क नाही का वाटणार?"

"आमच्याकडे तेच शिकवतात, तेच काढतात, तेच तपासतात. कधीकधी तर म्हणतात, पेपर घरी न्या आणि पुस्तकं उघडून लिहा."

काकांचा कप ओठांपाशीच थांबला. "घरी?"

"हो."

"आणि... लाख?"

"लाख नसते."

"अगं, जरा बेतानं सांग," काकू आतून ओरडल्या. "त्यांना ब्लडप्रेशर आहे!"

बघता बघता पाहुणीचा प्रबंध पुरा झाला आणि खुली तोंडी परीक्षा ठरली. ही परीक्षा म्हणजे निम्मं कार्यच. दुसऱ्या विद्यापीठातून परीक्षक येतात. उमेदवाराचे नातेवाईक ठेवणीतले कपडे घालून मागे बसतात. मित्रमंडळी येतात, त्यांचं लक्ष खाऊच्या डब्यांकडे. शेवटी विभागप्रमुख विचारतात, "सभागृहातून कोणाला काही विचारायचं आहे?" आणि कोणीही काही विचारत नाही. विचारणं म्हणजे घास तोंडाशी आला असताना हात धरण्यासारखं. असलं पाप कोण करणार?

पाहुणीला हे कळलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. "आमच्याकडे कोणीच विचारलं नाही, तर त्याचा अर्थ कोणी ऐकलंच नाही. माझ्या ताईचं तसंच झालं. पास झाली, पण घरी येऊन रडली. मी इतक्या लांब येऊन भिंतीशीच बोलले, असं नको व्हायला." मग तिने काकांकडे पाहिलं. "काका, तुम्ही विचाराल ना?"

"विचारतील की!" काकूंनी परस्पर कबूल करून टाकलं. "न विचारून जातात कुठे!"

काकांनी मान हलवली. या वेळी ती होकाराची होती.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी वाचनालयातून वनस्पतींवरचं जाडजूड पुस्तक आणलं आणि दार लावून वाचत बसले.

"काय विचारणार आहात?" काकूंनी दारातून विचारलं.

"सांगता येणार नाही."

"मलासुद्धा?"

"कोणालाच."

"अहो, मी काय परीक्षेला बसतेय?"

"पेपर असाच फुटतो. आधी घरात, मग गल्लीत."

पाहुणी वरून खाली आली. "काका, नुसती हिंट?"

काकांनी उठून खिडकीही लावून घेतली.

"लिहून ठेव," काकू तिला म्हणाल्या, "तुझ्या परीक्षेत हेच नापास होणार!"

परीक्षेच्या दिवशी काका-काकू शेवटच्या रांगेत बसले. पाहुणी छान बोलली. परीक्षक खूश दिसले. त्यांनी दोन-तीन सोपे प्रश्न विचारले, उत्तरं ऐकताना माना डोलावल्या. मार्गदर्शक सरांनी रीत म्हणून एक विचारला. मग विभागप्रमुख म्हणाले, "सभागृहातून कोणाला काही?" आणि उत्तराची वाट न पाहता कागद गोळा करू लागले. मागे खाऊचे डबे खुळखुळले.

पाहुणी फळ्यापाशी उभी होती. तिची नजर एकेका रांगेवरून फिरत मागे आली. चेहऱ्यावरचं हसू अजून होतं, पण टांगून ठेवल्यासारखं.

काकांचा प्रश्न तयार होता. पण ते खुर्चीला चिकटून बसले होते. आजवर त्यांनी पाकिटं बंद केली, उघडली मात्र नेहमी दुसऱ्यांनी.

"उठा!" काकूंनी कोपर मारलं. "अहो, उठा!"

काका उठले.

"काका, चहा बाहेर ठेवलाय," विभागप्रमुख प्रेमाने म्हणाले. सभागृह हसलं. एरवी काका मुकाट्याने बाहेर जाऊन चहा पिऊनही आले असते. पण पाहुणी हसली नव्हती. तिने खडू हातात घेतला होता.

"चहा नको," काका म्हणाले. "प्रश्न आहे."

सगळे मागे वळले. त्याबरोबर जाड पुस्तकातला प्रश्न पार उडाला. डोळ्यांसमोर उरली ती फक्त घरची भिंत.

"उन्हाळ्यात आमच्या न्हाणीघरामागचं शेवाळ काळं पडतं," काका हळूहळू बोलू लागले. "हात लावला तर भुगा होतो. मग कुणी बादलीभर पाणी ओतलं की पुन्हा हिरवं. तर मधल्या दिवसांत ते मेलेलं असतं, की नुसतं गप्प बसलेलं असतं?"

मार्गदर्शक सरांनी आता हिचं कसं होणार म्हणून डोळे मिटून घेतले. पाहुणीचं हसू मात्र टांगलेलं राहिलं नाही, ते चेहराभर पसरलं. "थँक यू, काका!" म्हणत ती फळ्याकडे वळली आणि चित्रं काढत सुटली. पाणी संपलं की शेवाळ सगळा कारभार बंद करतं, अंगातलं पाणीही सोडून देतं, पण मरत नाही. पाणी आलं की थोड्याच वेळात पुन्हा कामाला लागतं. "ते थांबलेलं असतं, काका," ती म्हणाली.

"किती काळ थांबू शकतं?" परीक्षक खुर्चीत पुढे सरकले. त्यांच्या आवाजात आता खरंच कुतूहल होतं. मग मांडीवरचा डबा बाजूला ठेवून एका मुलाने हात वर केला. त्याच्यामागून आणखी एका मुलीने. शेवटी काकूंनाही राहवेना.

"मग मी इतकी वर्षं घासत होते, त्याचं काय?"

"काकू, घासल्यावर त्याचे तुकडे उडतात आणि ते जिथे पडतात तिथे उगवतात. तुम्ही त्याची लागवड करत होता."

सभागृह खदखदून हसलं. सर्वांत मोठ्याने हसल्या त्या काकूच. चहा गार झाला. परीक्षकांची बस चुकली, तरी ते फळ्यापाशीच उभे होते. अखेर विभागप्रमुखांनी पदवीची शिफारस जाहीर केली, तेव्हा पाहुणी मार्गदर्शकांपाशी जाऊन म्हणाली, "आभारी आहे, सर."

सर गोरेमोरे झाले. "अगं, नावानेच हाक मार. आता सवय झालीय मला."

घरी जाताना काकूंचं बोलणं थांबायला तयार नव्हतं. "काय तोंड उघडलंत हो! पण ते जाड पुस्तक? त्यातला प्रश्न कुठे गेला?"

"विसरलो."

"थोडाही आठवत नाही?"

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. "आठवतो. पण गोपनीय आहे."

"बाई बाई!"

दोघं थोडं चालले. चढ लागला. काकांनी आवाज साफ केला. आज एकदा लाख फुटलीच होती.

"तुझे पाय दुखतायत का गं?"

काकू रस्त्यातच उभ्या राहिल्या. काकांनी आपणहून त्यांना काही विचारलं, असं गल्लीने आजवर पाहिलं नव्हतं.

"दुखतायत," त्या म्हणाल्या. "आत्ताचे नाही, कधीचे दुखतायत!" आणि मग पायांपासून जी सुरुवात झाली, ती घर आलं तरी संपली नाही. काका नेहमीसारखे ऐकत होते. फक्त मधूनमधून म्हणत होते, "मग? मग पुढे?"