आमच्या साडूंची मंडळी

माझ्या साडूंनी मला जेवढी लाज आणली, तेवढी माझ्या सगळ्या वैऱ्यांनी मिळूनही आणली नसेल. द्वारका चौकाजवळ माझं फरशीचं दुकान आहे. दुसऱ्याच्या हातगाडीवर फरशा वाहण्यापासून सुरुवात करून ते मी उभं केलं आणि सांगितलेल्या भावात आजवर काडीपेटीसुद्धा घेतली नाही. असा मी, आणि पंचवटीच्या भाजीबाजारात माझ्या शेजारून चालणारे हे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान! भाजीवाली सांगेल तो भाव देणार, वर "तुम्हाला परवडतं ना?" म्हणून विचारणार. एकदा मी घसा कोरडा करून मेथीचा भाव उतरवला, तर यांनी माझ्या मागून जाऊन उतरवलेले पैसे तिच्या हातावर ठेवले. ती बाई भर गल्लीत ओरडली, "ओ शेठ, दादांकडून शिका जरा कायतरी!" त्यानंतर कित्येक दिवस मी ती गल्ली टाळली. सासरी तर विचारू नका. सासूबाई पाहुण्यांना ओळख करून देतात, "हे आमचे थोरले जावई, देवमाणूस. आणि हे धाकटे. हुशार आहेत." हे 'हुशार' मी लग्नापासून गिळतो आहे.

साडू शाळेत चित्रकला शिकवायचे. ते निवृत्त झाले आणि पाठोपाठ त्यांची बायको, आमच्या ताई, गेल्या. अशा वेळी माणूस तीर्थयात्रेला जातो, फार तर पोपट पाळतो. यांनी साप पाळले. परदेशी, बिनविषारी, गार्टर नावाचे. बोटाएवढे जाड, अंगावर लांब पिवळे पट्टे, कागदपत्रं रीतसर. आणि तेही एकदम सहा! "एक पुरला नसता का?" मी विचारलं. "एकट्याला करमत नाही हो त्यांना," ते म्हणाले, "सोबत लागते. आणि सोबत म्हणजे कुणाचीही चालत नाही." काचेच्या पेटीपुढे खुर्ची टाकून हे तासन् तास बसायचे. कोण कुणाच्या अंगावर पसरलं, कोण कुणाला टाळतं, सगळं तोंडपाठ. सहाही जणांना उचलून मुद्दाम उलटसुलट ठेवायचे, आणि थोड्या वेळात प्रत्येक जण सरपटत आपापल्या सोबत्याजवळ गेला की टाळी वाजवायचे. त्यात शकू नावाची एक धीट मादी आणि बारकू नावाचा एक भित्रा नर. शकू पुढे निघाल्याशिवाय बारकू पाण्यालासुद्धा जायचा नाही. सापांचा उल्लेख ते 'मंडळी' असा करत. एकदा मी चहाला गेलो, तर ओट्यावर ओळीनं सहा स्टीलचे डबे, आणि "शेठ, जरा हळू बोला, मंडळी जेवायला बसलीयेत!" एकत्र वाढलं तर दोघं एकाच गांडुळाची दोन टोकं धरतात आणि गिळता गिळता एक दुसऱ्यालाच गिळू लागतो, म्हणून पंगत वेगळी. नागपंचमीला गल्लीतल्या बायका दूध-लाह्या घेऊन आल्या, तेव्हा यांनी हात जोडून सांगितलं, "दूध नको, बाई. कुंडीत गांडुळं असली तर द्या." ही गोष्ट पंचवटीतून द्वारकेपर्यंत माझ्याआधी पोचली. त्यात एकदा नको म्हणत असताना त्यांनी बारकूला माझ्या हातात दिला. तो घाबरला आणि त्यानं माझ्या शर्टावर असा काही वास सोडला की त्या दिवशी दुकानात आलेलं गिऱ्हाईक ड्रेनेज तुंबल्याची चौकशी करून निघून गेलं.

यंदा त्यांच्या सुनेला बाळ झालं आणि मुलानं यांना कायमचं पुण्याला बोलावलं. साप आणायचे नाहीत, एवढीच अट. साडूंनीही एकच अट घातली: मंडळी फुकट द्यायची, पण सहाही एकाच घरी. गंगापूर रोडचे एक प्रोफेसर आणि त्यांची बायको सहाही न्यायला आनंदानं तयार झाले. इथवर सगळं ठीक होतं. पण एवढी काचेची पेटी, दिवे, जाळी, सगळं फुकट? मला राहवेना. "दादा, बोलणं मी करतो, तुम्ही गप्प बसा," मी म्हणालो. ते बसले.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. गिऱ्हाईक सगळा लॉट घ्यायला उतावीळ झालं की म्हणायचं, "यातले थोडे दुसऱ्याला कबूल केलेत." मग ते गयावया करतं आणि आपल्या भावाला येतं. मी प्रोफेसरांना म्हणालो, "चार न्या. दोघांचा शब्द दुसरीकडे दिलाय." प्रोफेसर गयावया करतील म्हणून मी वाट बघत होतो. ते भले गृहस्थ म्हणाले, "अरेरे! मग चारच द्या. शब्द मोडू नका." पेटीचे पैसे त्यांनी मी सांगितले तेवढे दिले, घासाघीस न करता. जाताना त्यांच्या बायकोनं हाताशी आले ते चार उचलले. त्यात शकू गेली, बारकू राहिला. साडूंनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मिटलं.

पेटी गेल्यामुळे उरलेले दोघं एका जुन्या टबात होते. एक या टोकाला, बारकू त्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून. गांडूळ पुढे केलं की मान फिरवायचा. रोज गेलो तरी तेच. साडू पुण्याची बांधाबांध सोडून टबाजवळ बसलेले. "तुम्ही माझ्या भल्यासाठीच केलंत, शेठ," ते म्हणाले. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर मी आठ परत केल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. मला त्यांच्याकडे बघवेना. दोघांना भोकं पाडलेल्या डब्यात घातलं आणि स्कूटर काढली.

दार प्रोफेसरांनी उघडलं. "या. काही राहिलं का द्यायचं?"

"नाही. हे पेटीचे पैसे परत घ्या. आणि हे दोघं तिकडे सोडा."

"पण यांचा शब्द दिला होतात ना?" आतून त्यांची बायको म्हणाली.

"खोटं बोललो होतो," मी म्हणालो. चाळीस वर्षांच्या धंद्यात हे वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

तिनं पेटीचं झाकण उघडून दोघांना आत सोडलं. मी साडूंना फोन लावला. "दादा, व्हिडिओ लावतो, बघा."

"नको, नको. बघितलं तर परत घेऊन या म्हणेन. तुम्हीच सांगा."

"मला सगळे सारखेच दिसतात हो!"

"मानेवर पांढरा ठिपका आहे तो बारकू. काय करतोय?"

मी त्यांच्या फरशीवर पालथा पडलो. "थांबलाय. जीभ काढतोय. आता निघाला."

"कुणाकडे?"

"एकावरून गेला. दुसऱ्यावरूनही गेला. आता वळला... तिसऱ्याच्या पाठीवर मान टेकली, दादा."

"डावा पट्टा मध्येच तुटलाय का बघा. शकूचा तसा आहे."

मी काचेला नाक लावलं. "तुटलाय."

प्रोफेसरांच्या बायकोनं माझ्या डोक्याशी चहाचा कप आणून ठेवला. मग साडू म्हणाले, "जेवला की सांगा," आणि त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.