मालनबाईंचे रान पड नाही

मालनबाई लोखंडे यांना मी पहिल्यांदा भेटलो ते म्हसवडजवळच्या त्यांच्या बांधावर, चैत्रातल्या भर दुपारी, आणि पहिल्याच वाक्यात त्यांनी मला बूट काढायला लावले. मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार, सासुरवाडी म्हसवडची. मेव्हण्याने सांगितले होते, की साताऱ्यात मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या एक बाई निवृत्त होऊन गावी आल्यात आणि माळावर जंगल लावून त्यात भाजी पिकवतात. मी बघायला गेलो, पण खरे सांगायचे तर हसायलाच गेलो होतो. बांधावरून ओरडलो, "या रानाचा मालक कुठं हाय?" आतून आवाज आला, "मालकीण हाय. बूट काढून आत या."

काढले. बांधावरची माती इतकी तापली होती, की पहिली चार पावले मी नाचतच टाकली. पाचव्या पावलाला पाचोळा लागला आणि तळपाय गार पडले. बाई कढीपत्त्याच्या आड कोयता घेऊन उभ्या होत्या. "कळलं?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "व्हय." "मग आता बोला, काय बघायचं ते," त्या म्हणाल्या. वनबागेचा माझा पहिला धडा एवढाच झाला, आणि हसायचे राहून गेले.

या गौरवग्रंथाच्या संपादक मंडळाने लेख मागवताना 'वादाचे विषय शक्यतो टाळावेत' असे कळवले होते. मंडळाचा पूर्ण मान राखून सांगतो, मी ते टाळणार नाही. बाईंच्या पंचाहत्तरीला आपण हार घालणार, शाल पांघरणार, भाषणे करणार. आणि त्याच वेळी त्यांचे साडेतीन एकर रान सरकारी कागदावर 'पड', म्हणजे न कसलेले, ठरणार की नाही, याचा निकाल व्हायचा आहे. बाईंच्या दोघा पुतण्यांनी तहसील कचेरीत अर्ज दिला आहे. काकू वयस्कर आहेत, रान कसत नाहीत, झाडेझुडपे माजली आहेत, तेव्हा सामाईक गटातले हे रान आम्हाला कसायला मिळावे, असे त्यात म्हटले आहे. कालव्याचे पाणी आले आहे आणि त्यांना सलग ऊस करायचा आहे. रान पड ठरले तर दुसऱ्या दिवशी जेसीबी येईल. हे गाळून बाईंचा गौरव कसा लिहावा, ते मला जमत नाही.

हे रान आले कसे, तेही सांगतो. बाईंचे यजमान लष्करात होते. ते गेल्यावर तोंडी वाटण्या झाल्या तेव्हा घरच्यांनी विहिरीजवळची काळी जमीन आपसात वाटून घेतली आणि गटाच्या वरच्या अंगाचा हा माळ बाईंच्या पदरात टाकला. कुसळी गवत, हेकळाची काटेरी झुडपे आणि दगड. तेव्हा कुणालाच हा तुकडा नको होता. बाईंनी कुरकुर केली नाही. निवृत्तीनंतर साताऱ्यातली खोली सोडून त्या इथे पत्र्याचे घर बांधून राहिल्या.

पर्माकल्चर, म्हणजे निसर्गाच्या धर्तीवरची टिकाऊ शेती, हा शब्द त्यांनी साताऱ्यातल्या एका शिबिरात ऐकला. शब्द नवा होता, गोष्ट नव्हती, असे त्या सांगतात. पाटण खोऱ्यात नोकरीला असताना त्या मुलींना घेऊन देवराईत चित्रे काढायला जात. उंच झाडाखाली बुटके झाड, त्याखाली झुडूप, खाली गवत, अंगावर वेल, मातीत कंद. तिथे ना कुणी पाणी घालते, ना खत टाकते, ना फवारा मारते. हेच जमिनीवर काढायचे, फक्त माणसाच्या पोटाला लागतील अशी झाडे घेऊन, असे त्यांनी ठरवले. उतारावर समपातळी चर खणले, चराच्या कडेला गिरिपुष्प आणि हादगा लावला, त्यांच्या आडोशाला सीताफळ, शेवगा, तुती, लिंबू. धुण्याभांड्याचे पाणी जिथे जिरते तिथे केळी आणि आळू. खाली रताळी, हळद, गवती चहा. बोरीवर घोसाळी चढली. गाव म्हणत होते, बाईंच्या डोक्यावर ऊन बसलंय. गावाला आता हे आठवत नाही, म्हणून मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

मी शिष्य झालो तो काही भक्तिभावाने नव्हे. जुनी द्राक्षबाग उपटल्यावर माझ्याकडे अर्धा एकर रान मोकळे पडले होते. वर्षानुवर्षे औषधे पिऊन त्याचा पार पत्रा झाला होता. कुदळ मारली की ठण्ण वाजायचे. मी बाईंना म्हणालो, मला शिकवा. त्यांनी अट घातली, की वर्षभर एकही रोप लावायचे नाही. वही घ्यायची आणि पाणी कुठून येते, कुठे थांबते, सावली कधी कुठे पडते, वारा कुठून मारतो, मुंग्या कुठे वारूळ करतात, घरची माणसे कोणत्या वाटेने ये-जा करतात, ते लिहायचे.

मी तापलो. म्हणालो, "आमच्याकडं एक दिवस फवारणी चुकली तर बाग जातीया, आन् तुमी वर्षभर नुस्तं बसा म्हंता?"

"बसा न्हाई म्हनले. बघा म्हनले," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुमी इतकी वर्षं त्या रानात औषधाचा पंप घिऊन पळताय. ते रान तुमी कवा बघितलंय?"

वर्षभर वही लिहिली. मग आराखडा काढायची वेळ आली, आणि इथे माझ्यातला द्राक्षवाला उफाळून आला. मी फुटपट्टी घेऊन सरळ ओळी आखल्या. पूर्व-पश्चिम, दोन ओळींत ट्रॅक्टर जाईल एवढे अंतर, प्रत्येक झाड दोरीत. कागद घेऊन दिमाखात म्हसवडला गेलो. बाईंनी तो जमिनीवर पसरला, बराच वेळ पाहिला आणि विचारले, "यात पाणी कुठनं येतं?" वहीत वर्षभर पाण्याची वाट लिहिली होती आणि कागदावर तिचा पत्ता नव्हता. बाईंनी शाळेतून आणलेली ट्रेसिंग पेपरची गुंडाळी काढली. एका कागदावर फक्त पाणी आणि चर. त्यावर दुसरा कागद, त्यात फक्त मोठी झाडे. त्यावर तिसरा, बुटक्या झाडांचा. असे सात कागद एकावर एक ठेवून त्यांनी ते उजेडात धरले. "आता दिसतंय का रान?" त्या म्हणाल्या. मला दिसले. एरवी माझ्या डोळ्यांत सहजासहजी पाणी येत नाही, त्या दिवशी आले, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

आता माझ्या घरची चूक सांगतो, कारण ती आमच्याच भागात होऊ शकते. वनबाग लावून दोन पावसाळे झाले आणि बाई पहिल्यांदा बघायला यायच्या ठरल्या. विट्याला एसटी बदलून त्या येणार होत्या. आमच्याकडे रानात तण दिसले तर घर आळशी समजतात. स्वच्छ रान ही घरची अब्रू. मी बाईंना आणायला स्टँडवर गेलो आणि इकडे माझ्या आईने दोन बाया लावून सगळी वनबाग खराट्याने झाडून काढली. दोन वर्षांचा साठलेला पाचोळा एका कोपऱ्यात ढीग करून पेटवून दिला. आम्ही पोचलो तेव्हा आई आरतीचे ताट घेऊन उभी होती आणि मागे धूर निघत होता. अंगणासारखी लख्ख, उघडी माती. आई कौतुकाने म्हणाली, "आवं, एवढ्या लांबनं तुमी येनार, आन् रानात कचरा? बरं दिसंल का?"

मी ओरडणार होतो. बाईंनी नुसता हात वर करून मला थांबवले. त्यांनी आईकडून ओवाळून घेतले, चहा घेतला, रानाची तारीफ केली. मग म्हणाल्या, "आक्का, दोन पाट्या हायत का? जरा फिरून येऊ." आणि सत्तरीच्या पुढच्या त्या दोघी रस्त्याने निघाल्या. लिंबाखालचा पाला, पिंपळाखालचा पाला, बेदाण्याच्या शेडमागे पडलेला पाला पाट्यांत भरून डोक्यावरून आणू लागल्या. गल्ली दारात येऊन बघत होती. मी मागे मागे पाटी घेऊन. तिसऱ्या खेपेला आईने स्वतःच विचारले, "बाई, मी जाळलं ते चुकलं का वं?" बाई म्हणाल्या, "चुकलं न्हाई आक्का. तुमी माझ्यासाठी केलंसा. आता रानासाठी करू." माझी आई त्या दिवसापासून पाचोळ्याला हात लावू देत नाही, पाहुण्यांनाही दटावते. माणसाचा मान न घालवता त्याची चूक दाखवणे मला या वयातही जमत नाही, हे माझ्या घरचे कुणीही सांगेल.

अशा बाईंचे रान पड आहे म्हणे! गेल्या दिवाळीच्या सुमारास पंचनाम्याला तलाठी आले. बाईंनी मला बोलावून घेतले होते. दोघे पुतणे होते, आणि पंच म्हणून त्यांनीच आणलेले गावातले एक निवृत्त सुभेदार. तलाठी बांधावरच उभे राहून लिहू लागले: 'पड, झाडेझुडपे.' बाई म्हणाल्या, "आत या, मग लिहा." ते नाइलाजाने आत आले आणि म्हणाले, "मॅडम, पिकाचं नाव सांगा. एकच सांगा."

"एक कुठलं?" बाईंनी विचारले आणि सांगायला सुरुवात केली. सीताफळ. शेवगा. हादगा. लिंबू. तुती. एकेका झाडाला हात लावून नाव. तलाठ्यांचा कागद भरला. त्यांनी दुसरा घेतला. बाई रताळ्यांपर्यंत आल्या. घाम पुसत तलाठी म्हणाले, "मॅडम, 'मिश्र पीक व इतर' असं टाकतो ना."

बाईंचा आवाज चढला. इतक्या वर्षांत तो मी तेवढाच ऐकला. "मी तीस वर्षं वर्गात हजेरी घेतली," त्या म्हणाल्या. "पटावर कधी 'इतर मुली' असं लिहिलं नाही. प्रत्येकीला नाव असतं. लिहा."

तलाठ्यांनी लिहिले. तिसरा कागदही लागला. दरम्यान सुभेदार एका सीताफळाच्या झाडाखाली बसून निवांतपणे पिकलेले फळ फोडून खात होते. दुसरे संपवून त्यांनी बिया तळहातावर घेतल्या आणि पुतण्यांना विचारले, "काय रं, पड रानात सीताफळं लागत्यात व्हय?" आणि तीनही कागद पहिल्या ओळीपासून वाचून मगच सही केली. ज्यांनी त्यांना आणले होते त्यांची तोंडे बघण्यासारखी झाली होती.

एवढ्यावर प्रकरण मिटले असेल, असे वाटले असेल तर तसे नाही. अर्ज अजून कचेरीत आहे, तारखा पडताहेत. पंचनाम्याच्या दिवशी निघताना थोरला पुतण्या माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "पाव्हणं, आमाला घाई न्हाई. काकूंचं वय बघा की." मला असा संताप आला, की हात शिवशिवले. संध्याकाळी राहवेना म्हणून मी ते बाईंच्या कानावर घातले. मला वाटले, त्या दुखावतील. त्या चुलीवर शेंगांची आमटी ढवळत होत्या. ढवळतच म्हणाल्या, "मग चिंच लावू या. ती लय सावकाश वाढती." दुसऱ्या दिवशी आम्ही वरच्या चरावर चिंच लावली. फळ कोण खाणार, असे मी मूर्खासारखे विचारले. बाई म्हणाल्या, "मी खानार. तुमाला पायजे असंल तर तुमीबी जगा."

त्या रानात आज आम्ही बारा-पंधरा जण शिकतो. तासगावचे, खटावचे, कवठ्याचे. दोन माजी सैनिक, एक परिचारिका, गावातल्याच तीन सुना. या ग्रंथाच्या पानावरून आम्ही जाहीर सांगतो, की पुढच्या तारखेला आम्ही सगळे कचेरीत असू आणि गरज पडली तर बांधावरही असू. ज्यांना हे वादाचे वाटते त्यांनी खुशाल वाटून घ्यावे. बाईंनी आम्हाला जमीन बघायला शिकवले आहे. डोळे मिटून घ्या असे आता कुणी सांगितले तर ते आम्ही ऐकणार नाही.

बाई, पंचाहत्तरीच्या शुभेच्छा सगळेच देतील आणि मनापासून देतील. माझी थोडी वेगळी आहे. गुडघ्याचे तेल रोज लावा, उन्हात डोक्याला पदर घ्या, गोळ्या चुकवू नका, पायऱ्या दमाने चढा. तुम्हाला निरोगी, लांबलचक, धडधाकट आयुष्य लाभो. तुमचे वय मोजत बांधावर माणसे थांबली आहेत. बाई, त्यांना पुष्कळ वाट बघायला लावा.