लेप

शाळेतली मुलं तिला ॲसिडबाई म्हणायची. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बाटल्या भरणं, काचेच्या नळ्या धुणं, चिठ्ठ्या चिकटवणं हे तिचं काम. बोलणंही तसंच, थेंब पडला की चटका. नवरा अगदी उलट, मुलखाचा अबोल. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तो नकाशे काढायचा आणि उरलेलं आयुष्य गाडीखाली काढायचा.

गाडी त्याच्या जन्माच्याही आधीची. गोल दिवे, फुगीर मडगार्ड, जाडजूड दारं. भंगारातून ओढून आणली तेव्हा तळाला इतकी भोकं होती की ॲसिडबाई म्हणाली होती, "चहा गाळायला बरी पडेल." त्यानं मनावर घेतलं नाही. भोकं कापून नवे पत्रे जोडले, सगळा तळ घासून घासून उघडा केला आणि त्यावर गंज धरू नये म्हणून तांबडा प्रायमर लावायला घेतला. मग उरणार होता फक्त वरचा लेप, आणि तिथंच त्याचं घोडं अडलं होतं. जेवतानाही तोच विषय.

"डांबरी मारावा की मेणाचा?"

"मला मारा आणि मोकळे व्हा," ती म्हणायची.

एका संध्याकाळी ती शाळेतून आली तेव्हा गॅरेजचं दार अर्धवट उघडं होतं. गाडी लोखंडी घोड्यांवर चढवलेली आणि खालून त्याचे पाय बाहेर आलेले, नेहमीसारखे. ती बादली पालथी घालून बसली आणि बोलायला लागली. कुठल्या मुलीनं चंचुपात्र फोडलं, मुख्याध्यापक कसे सगळ्यांसमोर घसरले, धाकट्या भावजींनी पुन्हा कशी टांग दिली. तो उत्तर देत नव्हता, पण तो नट आवळल्याशिवाय कधी उत्तर देतच नसे. ती बोलत राहिली. मग एकदम तिचं लक्ष गेलं. "अहो, हे काय, दोन पायांत दोन वेगळे मोजे?" असं म्हणत हसत हसत तिनं त्याचा अंगठा ओढला.

पाऊल ओढलं तेवढंच हललं आणि तसंच राहिलं.

डॉक्टर भले गृहस्थ होते. गाडी जराही खचली नव्हती, हृदयच बंद पडलं होतं. "तुम्ही यायच्या बऱ्याच आधी," ते म्हणाले, "तुम्ही काहीच करू शकला नसता." ऐकून सगळ्यांच्या जिवाला बरं वाटलं. तिचाच जीव टांगणीला लागला. बऱ्याच आधी, म्हणजे ती आली तेव्हा तिथं कुणी नव्हतंच. मग आपण इतका वेळ कुणाशी बोललो? आणि मधे एकदा "हं" ऐकू आल्यासारखं वाटलं होतं, ते काय होतं? हे तिनं कुणालाही सांगितलं नाही.

गॅरेजला कुलूप लागलं. पण गॅरेजची आणि स्वयंपाकघराची भिंत एकच. दिवेलागणीला ती ओट्यापाशी उभी राहिली की पलीकडून आवाज यायचा. टक, टक. पत्र्याला पान्याची मूठ लागावी तसा. भावजींनी येऊन कानाकोपरा धुंडाळला. "वहिनी, उंदीर असेल," ते म्हणाले. तिनं मान डोलावली. पण कधीकधी आवाज थांबला की तिच्या तोंडून निघून जायचं, "झालं का?" आणि मग स्वतःच्याच आवाजानं तिच्या अंगावर काटा यायचा.

लेक दुसऱ्या गावी नोकरीला. ती फोनवर म्हणायची, "आई, विकून टाक ना ती गाडी." भावजींनी एक हौशी गिऱ्हाईक आणलंही. त्यानं बॅटरी घेऊन खाली डोकावून पाहिलं आणि तो चुकचुकला. नुसता प्रायमर दमट हवेत पाणी पितो, जागोजागी गंजाचे ठिपके उठले होते. "आधी तळाला चांगला लेप द्या," तो म्हणाला, "मग बघू."

भावजी मिस्त्रीला घेऊन आले. मिस्त्री गोल पोटाचा, बोलघेवडा. त्यानं तीन डबे मांडले. एक काळा, रबरासारखा जाड. एक रंगाचा, वाळला की बशीसारखा कडक. तिसरं मेण, मधाच्या रंगाचं, आरपार दिसणारं.

"काळा मारा, ताई," मिस्त्री म्हणाला. "खडीचा आवाजसुद्धा आत येत नाही. मेण दर वर्षी नव्यानं लावावं लागतं. दर वर्षी कुणीतरी खाली शिरायला हवं."

"काळाच," भावजी म्हणाले. "एकदा थापला की विषय संपला."

तिलाही काळाच हवा होता. सगळं झाकलं जाईल, आवाज बंद होतील. पण आयुष्य प्रयोगशाळेत गेलेलं, बघितल्याशिवाय तिला चैन पडेना. तिनं मिस्त्रीकडून पत्र्याच्या पट्ट्या मागून घेतल्या, प्रत्येकीवर एकेक लेप दिला, खिळ्यानं एकेक ओरखडा काढला आणि मिठाच्या पाण्याच्या बरण्यांत घालून प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवल्या. मुलं विचारायची, "बाई, हे लोणचं कशाचं?"

काही आठवड्यांनी तिनं पट्ट्या काढल्या. कडक रंगाची पट्टी ओरखड्याच्या कडेनं फुगली होती. मेणाची मळकट झाली होती, एका कोपऱ्यात लालसर डाग, पण जे काय झालं होतं ते सगळं वरून दिसत होतं. काळी मात्र जशीच्या तशी, गुळगुळीत, देखणी. तिनं ओरखड्यात नख घातलं. काळा पापुद्रा आख्खाच्या आख्खा सुटून आला, आणि खालून लाल भुकटी तिच्या पदरात सांडली.

घरी येणारं जाणारं प्रत्येक माणूस तिला म्हणत होतं, किती छान सावरलंय हो तुम्ही स्वतःला.

"मेण," तिनं भावजींना सांगितलं. "आणि लावणार मी."

"वहिनी, तुम्ही? त्या जागी?"

"जागा काही चावत नाही."

म्हणाली खरी, पण त्याच रात्री तिनं लेकीला फोन लावला. लेक रजा काढून आली. दुपारची वेळ, दार सताड उघडं. मिस्त्रीनं घोड्या तपासल्या, गंजाचे ठिपके खरवडून दिले, हातमोजे दिले आणि "मी बाहेरच आहे," म्हणून अंगणात जाऊन बसला. लेकीचा जुना शर्ट अंगात घालून ती चाकांच्या फळीवर उताणी झाली आणि खाली सरकली.

खाली थंड होतं. लोखंडाचा वास, आणि त्यातच त्याच्या साबणाचा. मग डोळे सरावले आणि डोक्यावर तिला तो दिसला: तांबडा प्रायमर, सरळ, सारखा, नकाशातल्या रेषेसारखा, आणि मध्येच थांबलेला. ब्रशचा फटकारा अर्ध्यावर फिकट होत गेलेला आणि शेवटी त्यात ब्रशचा एक केस चिकटलेला. पुढं उघडा पत्रा. त्यानं शेवटचं पाहिलं ते हे.

लेक शेजारी सरकली. दोघी उताण्या, खांद्याला खांदा लावून, वर बघत.

"मी त्यांच्याशी बोलत बसले होते गं," ती म्हणाली. "त्या संध्याकाळी. ते गेलेले होते आणि मी आपली शाळेच्या गप्पा सांगत होते. हसले पण. अंगठा ओढला."

लेकीनं मान वळवून आईकडे पाहिलं.

"म्हणजे बाबा एकटे नव्हते," ती म्हणाली.

"ते कुठं होते तेव्हा?"

"माहीत नाही आई. पण तू होतीस."

ॲसिडबाई तिथंच रडली, पहिल्यांदा, कानांत पाणी जाईपर्यंत. मग तिनं नाक पुसलं, त्यामुळे हातमोज्याचा गंज गालाला लागला, आणि कामाला लागली. उघड्या पत्र्याला मिस्त्रीनं आधी प्रायमर द्यायला सांगितलं होतं. तो तिनं दिला, पण ब्रशचा केस चिकटला होता तिथपर्यंत नेला नाही. तेवढी बोटभर जागा तिनं सोडली. प्रायमर वाळल्यावर सगळीकडे मेण लावलं, त्या जागेवर मेणाचा हात मात्र दोनदा फिरवला. लेक कोपरे भरत होती. बाहेरून मिस्त्री ओरडत होता, "एक्झॉस्टच्या नळीला लावू नका हं, तापली की मेण जळतं!" आणि दोघी "नाही, नाही" म्हणत होत्या.

भावजींचं गिऱ्हाईक आलं, तेव्हा तिनं त्याला चहा पाजून परत पाठवलं. संध्याकाळचा तो आवाज पुढंही कधीकधी आला, कधी आला नाही. तिनं पुन्हा भावजींना उंदीर बघायला बोलावलं नाही.

लेक परत जायच्या आदल्या दिवशी मिस्त्रीनं इंजिन चालू करून दिलं आणि गाडी रस्त्यावर निघाली. भावजी चालवत होते, मिस्त्री ऐटीत पुढं, मायलेकी मागं. चौकाच्या पुढं गेल्यावर पायांखालून पांढरट धूर यायला लागला आणि सायकलवरचा एक जण ओरडला, "अहो, गाडी पेटली!"

"एक्झॉस्टला लावलंत ना?" मिस्त्रीनं मागं वळून विचारलं.

"थोडंसं उडालं असेल," लेक म्हणाली.

भावजींनी घाईघाईनं गाडी कडेला घेतली. सगळे उतरले. ॲसिडबाई मात्र काच खाली करून आत बसून राहिली, गरम मेणाचा तो वास छातीत भरून घेत.

"वहिनी, उतरा ना!"

"बसू द्या हो जरा," ती म्हणाली. "जळेल तेवढं जळून जाईल."