पाचवीचा वर्ग

माझी मुलगी नववीत आहे. तिच्या शाळेत या वर्षी सरांनी मुलांना सांगितलं, पुस्तकातलं उतरवून प्रकल्प करायचा नाही, स्वतः शोधून काढायचं. गटागटाला टॅब दिले. प्रश्न कसे तयार करायचे, ते लोकांना मोबाईलवर कसे पाठवायचे, बोलणं रेकॉर्ड कसं करायचं, सगळं ते शिकवत होते. चांगला प्रकल्प जिल्ह्याच्या प्रदर्शनात जाणार होता. मुलीला तिथे जायचंच होतं. जेवतानाही तेच बोलायची.

तिने विषय घेतला, आपल्या गल्लीतल्या आयांची शाळा कधी आणि का सुटली. बायकांनी मोबाईलवर उत्तरं भरली. शेजारच्या ताई म्हणाल्या, "शाळा सुटली आमची आणि मार्क मिळणार पोरींना! अर्धे आम्हाला द्या म्हणावं." सगळ्या हसल्या. मीही हसले.

माझं उत्तर मुलीनेच विचारून भरलं. आम्ही देवळ्याकडे गावाबाहेर मळ्यात राहायचो. गावात चौथीपर्यंतच शाळा. पाचवीचा वर्ग पलीकडच्या गावात, आणि तिथे मुलींना घेत नाहीत, असं माझ्या वडिलांनी मला सांगितलं होतं. गावातल्या ज्या मुली पुढे शिकल्या त्या मामाकडे राहून शिकल्या, असंही सांगितलं. मी कधी कोणाला विचारलं नाही. विचारायची मला सवयच नव्हती. पुढे सासरी नाशिकला आल्यावर कोणी म्हणालं, चौथीवरच का थांबलीस, की मी हेच सांगायची. सांगताना बरं वाटायचं. मुलींसाठी वर्गच नव्हता, त्याला कोण काय करणार.

सरांची शिस्त होती की एकाचंच ऐकून लिहायचं नाही, दुसऱ्या कोणाकडून पडताळून घ्यायचं. आणि रेकॉर्ड करण्याआधी त्या माणसाला विचारायचं. म्हणून रविवारी दुपारी मुलीने माझ्या वडिलांना फोन लावला. त्यांना घरात सगळेच नाना म्हणतात. फोन स्पीकरवर होता आणि मी तिथेच मेथी निवडत बसले होते.

"नाना, तुमचं बोलणं रेकॉर्ड करू का? शाळेसाठी पाहिजे."

"कर की. मी काय चोरी केलीय? फोटू येईल का माझा?"

"फोटो नाही, फक्त आवाज."

"मग काय उपेग! बरं, विचार."

"आई चौथीनंतर शाळेत का गेली नाही?"

"कशाला पाठवायचं? कांदे निवडायला कोण व्हतं मग घरी? तुझा मामा जायचा ना सायकलवर."

"पण तिथे मुलींना घेत नव्हते ना?"

"कोण म्हणतं? घेत व्हते की. गावातल्या पोरी जायच्या. तुझी आई लय हुशार, गुरुजी दोनदा सांगायला आले घरी. म्हटलं, गुरुजी, चहा घ्या अन् निघा." नाना मोठ्याने हसले.

त्यांच्या आवाजात लपवाछपवी नव्हती. मला काय सांगितलं होतं, हे ते विसरूनच गेले असावेत. मी मेथी निवडत राहिले. नंतर बघितलं तर देठ आणि पाला एकाच ताटात पडले होते.

मुलीने टॅबवर नकाशा उघडून मळ्यापासून त्या शाळेपर्यंतचं अंतर काढलं. रोज चालत जाण्यासारखं होतं. मला दाखवायला आली तर मी म्हटलं, राहू दे.

"आई, तुझं उत्तर बदलावं लागेल."

"बदल."

"आणि नानांचा आवाज वर्गात लावू? ते हो म्हणालेत. पण गोष्ट तुझी आहे, म्हणून तुला विचारते."

मी नको म्हटलं. माझे वडील असे हसताना एवढ्या पोरांनी ऐकावेत, हे मला सोसवेना. ते वाईट नाहीत. अजून दिवाळीला पिशवी घेऊन एसटीने येतात, नातीला जवळ बसवून खाऊ घालतात. मी म्हटलं, "पुसून टाक ते."  तिने माझ्यासमोरच पुसलं.

पण तिने प्रकल्पाचा शेवट त्याच्यावरच लिहिला होता, की बायकांना सांगितलेलं कारण आणि खरं कारण वेगळं असू शकतं. सरांनी विचारलं, पुरावा कुठे आहे? तिच्याकडे नव्हता. सर म्हणाले, काम चांगलं आहे, पण असंच कसं मान्य करायचं? सोमवारपर्यंत आण, नाहीतर दुसऱ्या गटाचं नाव पाठवतो.

"मग सांगायचं ना, आईने पुसायला लावलं म्हणून," मी म्हटलं.

"तुझं कशाला सांगू?" बुटांच्या नाड्या सोडत ती म्हणाली. तिने वर बघितलं नाही.

त्या संध्याकाळी मीच नानांना फोन लावला. फोनशेजारी मुलीने टॅब ठेवला. मी आधीच सांगितलं, "नाना, पोरीला परत रेकॉर्ड करायचंय."

"करा, करा."

"मला पाचवीला का नाही पाठवलं?"

असं मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा विचारत होते. पलीकडे त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"कुठं पाठवणार व्हतो? मुलींना घेत नव्हते तिथं. तुला तवाच सांगितलं व्हतं ना."

"त्या दिवशी पोरीला वेगळं सांगितलंत."

"पोरीची गंमत केली जरा. तुम्ही काय धरून बसता? जेवली का तू?"

मुलगी टॅबकडे बघत होती. रेकॉर्डिंगचा लाल ठिपका चालूच होता.

"जेवले, नाना," मी म्हटलं.

तिने बोट पुढे करून ते थांबवलं.